दहाव्या प्रकरणाची सुतळी

१

खोक्यात दहा पुडकी असायला हवी होती. नऊच निघाली.

कुमार उपासनींनी ती एकदा मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली आणि मग खोक्याच्या तळावर उगाच हात फिरवून पाहिला. प्रत्येक पुडकं सुतळीने आडवं-उभं बांधलेलं, वरच्या कागदावर निळ्या शाईत आकडा. एक ते नऊ. दहाव्याची जागा रिकामी.

“अख्खं घर शोधलं, काका,” इशिता म्हणाली. “गराज, अॅटिक, आईची गाडीसुद्धा. नाहीये.”

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधलं हे घर इशिताच्या आईचं, डॉक्टर सुहासिनी दिघे यांचं. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. चाळीस वर्षं त्यांनी ह्यूस्टनच्या इस्पितळांत रोग्यांना भूल दिली आणि निवृत्त झाल्यावर एक विलक्षण काम हाती घेतलं: मध्ययुगातल्या पोपांची सत्ता कशी वाढली आणि कशी ओसरली, याचा मराठीत इतिहास. इथल्या मराठी मंडळातले लोक हसत. आयुष्यात कधी देवाला हात न जोडणारी बाई, आणि लिहिते कोणावर, तर पोपवर! त्या लिहीत राहिल्या. नऊ वर्षं, नऊ प्रकरणं.

त्यांचा पहिला वाचक कुमार. वय शहात्तर, पत्नीला जाऊन चौदा वर्षं झालेली. नोकरीत असताना त्यांचं काम तेलाच्या पाइपलाइनमधली गळती शोधण्याचं. बाकी सगळा जीव पुस्तकांत. दर गुरुवारी चार वाजता ते या टेबलाशी बसत. नवं प्रकरण लिहून झालं की सुहासिनीबाई पुडकं पुढे सरकवत आणि म्हणत, “घ्या उपासनी, काढा चुका.” ते सुतळी सोडत आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शंका लिहीत. खरं तर ते पावणेचारलाच पोचत. पण लवकर गेलेलं बरं दिसत नाही म्हणून रस्त्यापलीकडे ओकच्या सावलीत गाडी लावून, एसी चालू ठेवून, चार वाजेपर्यंत आत बसून राहत. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

जुलैत बाईंचा फोन आला होता. दहावं, शेवटचं प्रकरण लिहून झालंय, तुम्हाला मिळेल. पण आता गुरुवारी येऊ नका. मी दिसण्यासारखी राहिले नाही. त्यानंतर भेट झालीच नाही.

“प्रॉब्लेम काय आहे, काका,” इशिता सांगत होती, “घर विकलंय, शुक्रवारी क्लोजिंग आहे. त्याच दिवशी मी माझ्या घरी, चँडलरला परत. आणि पुण्याचे प्रिंटर म्हणतात, शुक्रवारपर्यंत सगळं द्या, नाहीतर पुढच्या वर्षी. अरुणकाका म्हणालेत, शेवटचं चॅप्टर ते लिहून देतील.”

अरुण सबनीस हे निवृत्त हृदयतज्ज्ञ आणि मंडळाचे कायमचे वक्ते. इतिहास हा आपला प्रांत, असं ते स्वतःच सांगत. कुमारांनी खोक्यावर हात ठेवला. नऊ वर्षांच्या शेवटी त्या आवाजात समारोप? आणि बाईंनी खरोखर काय लिहिलं होतं, ते कधीच वाचायला मिळणार नाही?

“मला दोन दिवस दे,” ते म्हणाले. इतक्या ठामपणे आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

इशिताने मान डोलावली. मग तिला आठवलं. “एक गोष्ट सांगायची राहिली. आईने शेवटच्या आठवड्यात फोनवर मला सांगितलं होतं, दहावं पाठवलंय म्हणून. मला वाटलं पुण्याला. पण पुण्यात काहीच पोचलेलं नाही.”

२

पाठवलं, तर मग कुणाला?

एक जागा उघड होती. अर्विंगला राहणारा अमेय बाईंची हस्तलिखितं संगणकावर टाइप करून देई. कुमारांनी गाडीतूनच त्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी बाहेर आला. त्याच्याकडे जूनमध्ये नववं आलं, त्यानंतर काही नाही. काकू प्रकरण आधी तुम्हाला दाखवायच्या, मग मला पाठवायच्या, असंच होतं ना काका, असं त्यानेच उलट विचारलं. कुमारांनी ‘हो’ म्हणून फोन ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला आणि फ्रीजवरच्या उभ्या स्टीलच्या डब्याकडे नेहमीप्रमाणे बघायचं टाळलं.

तो डबा त्यांचाच. बाईंना अन्न जाईना तेव्हा त्यांनी हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या भारतीय दुकानातून साळीच्या लाह्या आणल्या, निवडल्या, कोरड्याच हलक्या भाजल्या आणि डबा भरून बाईंच्या शेजारच्या सलोनीबरोबर पाठवल्या. बाई जायच्या आठ दिवस आधी सलोनीने तो परत आणून दिला. गाडीत झाकण उघडू नये म्हणून असेल, त्याला पूजेचा असतो तसा लाल-पिवळा धागा गुंडाळलेला होता. कुमारांनी डबा हातात घेतला. तितकाच हलका. हलवला, तर आत सळसळलं. म्हणजे एक लाहीसुद्धा खाल्ली नव्हती. आपल्याकडे कोणी रिकामा डबा परत करत नाही हे खरं, पण दिलेलीच वस्तू न खाता परत? त्यांनी धागा न सोडता डबा फ्रीजवर ठेवून दिला. त्यानंतर फोन करायला काही त्यांचा हात धजावला नाही.

आणि का खाव्यात तिने, असं आता त्यांच्या मनात आलं. आपण तिला दिलं काय? पेन्सिलीच्या खुणा.

पहिलं प्रकरण त्यांना अजून पाठ होतं. १०७७ सालचा जानेवारी. सातव्या ग्रेगरी पोपने जर्मनीच्या चौथ्या हेन्री राजाला धर्माबाहेर काढलं होतं, आणि धर्माबाहेरच्या राजाचं कोणी ऐकेना. शेवटी हेन्री आल्प्स ओलांडून कनोसाच्या किल्ल्यापाशी आला. आत पोप. राजा तीन दिवस अनवाणी, बर्फात, दाराशी उभा राहिला. मग दार उघडलं. पोपच्या सत्तेचं ते शिखर. सुहासिनीबाईंनी त्यापुढे एक वाक्य लिहिलं होतं: आत पोपही त्या तीन दिवसांत खिडकीशी येऊन उभा राहिला असेल. कुमारांनी समासात लिहिलं, ‘पुरावा?’ पुढच्या गुरुवारी ते वाक्य खोडलेलं होतं. “बरोबर आहे तुमचं,” एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

दहावं प्रकरण त्यांनी मुद्दामच आपल्यापासून दूर ठेवलं असेल तर?

चहा उतू गेला. त्याच वेळी फोन वाजला. इशिता दबक्या आवाजात बोलत होती. “काका, सलोनी आत्ता येऊन गेली. आईच्या शोकसभेच्या दिवशी तिने अरुणकाकांना आईच्या स्टडीतून बाहेर येताना पाहिलं. हातात निळा फोल्डर होता. त्यावर दहा लिहिलेलं.”

३

अरुण सबनीसांनी दार उघडलं आणि कुमारांच्या चेहऱ्यावरूनच काय ते ओळखलं.

“ये,” ते म्हणाले. “मला वाटलंच होतं, कोणीतरी येईल. तू येशील असं मात्र वाटलं नव्हतं. तू तर पार्टीत चटणी मागायला पण लाजतोस.”

फोल्डर त्यांनी न मागताच आणून दिला. होय, उचलला होता. सुहासिनीबाईंनी शेवटच्या प्रकरणात आपली टर उडवली असेल, अशी त्यांना धास्ती होती. नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच भर मंडळात म्हटलं होतं, की पोपबद्दल मराठीत वाचणार कोण, तुझी भूल दिलेले पेशंट? सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या. पण बाई विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“मग वाचलंस?”

“रिकामा होता, यार. आई शपथ. चोरी केली आणि हाती काही नाही. आता हसायचं तर हस.”

कुमार हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मग शेवट लिहून द्यायला का निघालास?

“तिचं पुस्तक निघावं म्हणून,” अरुण म्हणाले. “मी तिच्याबद्दल जे बोललो, त्याची भरपाई कशी करतात मला माहीत नाही. लेक्चर तेवढं देता येतं.”

आपण या माणसाला उगाच खलनायक केलं, असं कुमारांना वाटलं. त्यांनी फोल्डर उघडला. आत कागद नव्हता. पण घडीत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी ते बोटांनी ओढून काढलं.

हातभर सुतळी. सुटलेली नव्हे, गाठीपाशी कात्रीने कापलेली.

कुमार ती हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. नोकरीत तीस वर्षं ते नव्या पोरांना एकच गोष्ट सांगत आले होते: तेल जिथे जमिनीवर दिसतं, तिथे भोक नसतं. ते चढावर असतं. तेलाचा माग काढत वर जायचं. इथे कागद गेलेत म्हणून आपण कागद शोधत बसलो. पण कागदांच्याही आधी काय झालं? दहाव्या पुडक्याला बाकीच्या नवांसारखीच सुतळी बांधली गेली होती, आणि मग बाईंनी ती स्वतः कापून काढली.

मरणाच्या दारात असलेली बाई पुडक्याची सुतळी कशाला कापेल?

४

सलोनी पुण्याची, नोकरीच्या व्हिसावर आलेली. बाईंच्या भिंतीला लागून तिचं घर. शेवटचे दोन महिने औषधं, जेवण, चादरी, सगळं तिने पाहिलं होतं. कुमारांनी दारातच सुतळी दाखवली, तेव्हा तिला काही अर्थबोध झाला नाही. मात्र सुतळीवरून तिला दुसरंच काही आठवलं.

काकूंनी तिच्याकडे धागा मागितला होता. लाल आणि पिवळा. सलोनीला वाटलं, चला, शेवटी तरी काकूंना देव आठवला. तिने देवघरातला नाडा नेऊन दिला. काकूंनी तो बोटांत चोळून पाहिला आणि परत केला.

“म्हणाल्या, हा सुती आहे, मला रेशीम हवंय. मग माझ्या भरतकामाच्या डब्यातलं दिलं, दोन्ही रंगांचं. मी विचारलं, काकू, कसली पूजा? तर हसल्या. म्हणाल्या, पूजा नाही गं, मेहेरबानी.”

सुतळी आणि रेशीम. हे कुमारांनी कुठेतरी वाचलं होतं, बाईंच्या अक्षरात, त्यांच्याच टेबलाशी. ते काही न बोलता शेजारच्या घरी गेले आणि खोक्यातलं चौथं पुडकं सोडलं. बाराव्या पानावर ते सापडलं. पोपच्या कचेरीतून जाणाऱ्या पत्रांना शिशाचा शिक्का लटकवत. पत्र हुकमाचं असेल, कोणाला काही करायला सांगणारं, तर शिक्का तागाच्या दोरीने बांधायचा. आणि पत्र कृपेचं असेल, काही देणारं, तर रेशमाच्या धाग्याने. लाल आणि पिवळ्या.

नऊ वर्षं सुतळी. घ्या उपासनी, काढा चुका. तो हुकूम होता. बाईंनी नऊ वेळा विनोद केला आणि त्यांना एकदाही कळला नव्हता.

ते सलोनीच्या दाराशी परत आले. उन्हात नुसते दोन फेरे झाले होते, पण शर्ट पाठीला चिकटला होता.

“सलोनी, माझा लाह्यांचा डबा तू आणून दिलास. त्याला धागा कोणी बांधला? तू?”

“नाही हो काका. काकूंनीच. मला हातसुद्धा लावू दिला नाही, अर्धा तास गाठ मारत बसल्या होत्या.” मग तिला आणखी आठवलं. “त्यानंतर रोज विचारायच्या, उपासनींचा फोन आला का? मी म्हणायचे, देऊ का लावून? तर नको म्हणायच्या. ते वाचत असतील, म्हणायच्या. त्यांना वेळ लागतो.”

५

संध्याकाळी पाचला इशिता आणि अरुण कुमारांच्या स्वयंपाकघरात आले. टेबलावर स्टीलचा डबा होता. धागा अजून सोडलेला नव्हता.

कुमारांनी सगळं क्रमाने सांगितलं, मान खाली घालून, एखाद्या अपघाताचा अहवाल वाचावा तसं. प्रकरण चोरीला गेलंच नाही. बाईंनी ते सुतळीने बांधलं, फोल्डरमध्ये ठेवलं, मग विचार बदलला. सुतळी कापली, कागद गुंडाळून डब्यात घातले आणि रेशमाने बांधून पाठवले. चौथं प्रकरण वाचलेल्या एका माणसाला धाग्याचा अर्थ बघताक्षणी कळेल, अशी त्यांची खात्री होती. आणि डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तर कोणालाही कळतं.

“त्या माणसाला वाटलं, नाडा आहे,” कुमार म्हणाले. “आणि आत त्याच्याच लाह्या आहेत. दोष कोणाचा हे शोधत होतो, तो हा माणूस. त्या आठ दिवस फोनची वाट बघत होत्या, आणि डबा या फ्रीजवर होता.”

इशिताने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“पण काका, आत नक्की तेच आहे? तुम्ही उघडून नाही बघितलं?” इशिताने विचारलं.

“नाही.” ते अडखळले. “पुस्तक तुझ्या आईचं. म्हटलं, तुझ्यासमोर उघडावं. आणि लाह्याच निघाल्या तर, म्हटलं, एकट्याने बघायला नको.”

इशिताने धाग्याकडे पाहिलं. आईच्या थरथरत्या हातांची ती गाठ होती. एकावर एक तीन वेळा मारलेली. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. “इट्स फॉर यू, काका. आम्ही बाहेर थांबतो.”

“बाहेर भाजतंय, सत्त्याण्णव फॅरनहाइट आहे,” कुमार म्हणाले.

“हेन्री बर्फात उभा राहिला,” अरुण उठत म्हणाले. “मी एक चोर, थोडं ऊन खाईन. चल गं इशिता.” दारापर्यंत गेल्यावर ते वळले. “आणि माझा समारोप गेला खड्ड्यात. कुमार, तो डबा उघड.”

६

लाह्या नव्हत्या. जाड कागदांची गुंडाळी होती, अठ्ठावीस पानं. तीच निळी शाई, शेवटी शेवटी ओळी खाली उतरत गेलेल्या. वरच्या पानावर आकडा नव्हता. लिहिलं होतं: ‘उपासनी, हे रेशमाचं आहे. यात चुका काढायच्या नाहीत. नुसतं वाचा.’

त्यांनी वाचलं. सत्ता गेली कशी, ते आधीच्या प्रकरणांत येऊन गेलं होतं: आठव्या बोनिफेसला फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी त्याच्याच जन्मगावी कोंडून घातलं, पुढचे पोप सत्तर वर्षं रोम सोडून अव्हिन्यॉं शहरात जाऊन राहिले, आणि शेवटी एकाच वेळी तीन तीन पोप एकमेकांना खोटं म्हणू लागले. हे प्रकरण उरलं काय त्याबद्दल होतं. सुरुवातच अशी होती: पोप वारला की शिक्क्याचा त्याच्या नावाचा साचा फोडून टाकत. दुसऱ्या बाजूचा साचा, संत पीटर आणि संत पॉल यांच्या चेहऱ्यांचा, तो तसाच पुढच्याच्या हाती देत. नाव फोडायचं, चेहरे ठेवायचे. मला ही पद्धत आवडते, असं बाईंनी पुढे लिहिलं होतं. नऊ प्रकरणांत ‘मला’ हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

शेवटच्या पानावर त्या पुन्हा कनोसाला गेल्या होत्या.

‘राजा तीन दिवस बाहेर उभा होता, हे सगळ्यांनी लिहून ठेवलं. आत पोप खिडकीशी किती वेळ उभा होता, हे कोणी लिहिलं नाही. दार उघडायची सगळी सत्ता त्याच्याकडे होती, आणि नेमकी तीच त्याला वापरता येईना. उघडलं तर लोक काय म्हणतील, नाही उघडलं तर तो निघून गेला तर. बाहेर थांबलेल्याला नेहमी वाटतं, की आपण आलोय हे आत कोणाला ठाऊक नाही. आतल्याला ते पहिल्या घटकेपासून ठाऊक असतं. चार वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही, एवढंच. याला पुरावा नाही, मला माहीत आहे.’

कुमारांनी ती ओळ पुन्हा वाचली. कनोसाच्या किल्ल्यात कुठलं आलं चार वाजताचं घड्याळ? छापायला देण्याआधी हे काढायला हवं, असं त्यांना सवयीने वाटलं. मग ते काही वाटेनासं झालं. ओकची सावली, एसीची घरघर, आणि रस्त्यापलीकडची बाईंची ती पांढऱ्या पडद्याची खिडकी, जिच्याकडे त्यांनी नऊ वर्षांत एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

समास नेहमीसारखा रुंद सोडलेला होता.

बाहेर अरुणचं काहीतरी बोलणं आणि इशिताचं नाक ओढणं ऐकू येत होतं. त्यांना आत बोलवायला हवं होतं. उन्हात थांबली होती दोघं. कुमारांनी खिशातली पेन्सिल काढली. चुका काढायच्या नाहीत, असं बजावलेलं होतं, आणि ही चूक नव्हतीच. त्या शेवटच्या ओळीसमोर, एकदा ‘पुरावा?’ लिहिलं होतं त्याच बारीक अक्षरांत, त्यांनी लिहिलं: ‘पुरावा आहे.’